सत्तरी तालुक्यात शहामृग पाळावेत का? एका कुटुंबाचे प्रकरण

हे कुटुंब गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. नाव आणि गाव लिहू नका, असे त्यांनी सांगितले आहे. बाकी सगळे खुशाल लिहा म्हणाले. थोरल्या भावाचे तीन ट्रक खाणीवर चालायचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१५ मध्ये थोड्या हलल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्या सहा वर्षांत दोन ट्रक गेले, तिसरा आता खडी वाहतो. उतारावर अडीच एकर काजूचे भाट, खाली ओहोळाला लागून लहानसे कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग, आणि वर जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे खडकाळ माळ, एक एकर. घरात दोन गाई आहेत, त्यांच्यासाठी मी पशुवैद्य म्हणून तिथे जाते. धाकट्या भावाचा मुलगा, म्हणजे थोरल्यांचा पुतण्या, काही वर्षे बोटीवर होता. तो गेल्या वर्षी परत आला तो पुन्हा न जाण्याच्या तयारीनेच. जमीन आहे, थोडे पैसे आहेत, हाताला काम पाहिजे. गणपतीची चवथ आटोपल्यावर त्यानेच ती फाइल घरात आणली.

फाइल राज्याबाहेरच्या एका कंपनीची होती. तीन महिन्यांची दहा शहामृग पिल्ले, त्यांत पाच माद्या आणि पाच नर, कुंपणाचा आराखडा, अंडी उबवण्याचे यंत्र, सहा महिन्यांचे खाद्य, दोन वर्षे पशुवैद्यकीय सल्ला आणि दोन वर्षांची ‘बायबॅक हमी’, म्हणजे जन्मलेली पिल्ले कंपनीच परत विकत घेणार. एकूण अठरा लाख. सहा लाख रोख, उरलेले बँकेचे कर्ज, घर तारण ठेवून. थोरल्याने सही करण्याआधी मला फोन केला. “डॉक्टर, तुम्ही एकदा बघा. पोराचं मन मोडायचं नाही, पण घर आहे ते.”

शहामृग हा फसवा धंदा आहे, असे मला म्हणायचे नाही. जगात तो दीडशे वर्षांहून जास्त काळ चालला आहे आणि आजही चालतो. फाइल हातात घेतली तेव्हा मला दोनच गोष्टी शोधायच्या होत्या. हा पक्षी शेवटी कापून, सोलून, विकत घेणारा कोण आहे? आणि तो गिऱ्हाईक येईपर्यंत पक्षी सत्तरीच्या पावसात जगेल का? ऐंशी पानांच्या त्या फाइलमध्ये यांपैकी एकाचेही उत्तर नव्हते.

पक्षी कशाकशाच्या उपयोगाचा

शहामृगशेतीची राजधानी म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील औट्सहूर्न. हे गाव लिटल कारू या कोरड्या प्रदेशात आहे. पाऊस वर्षाला अडीचशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि कालव्याच्या पाण्यावर लसूणघास ही चाऱ्याची वनस्पती उत्तम येते. १८६०च्या दशकात तिथे पक्षी कुंपणात पाळायला सुरुवात झाली ती पिसांसाठी. युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर शहामृगाचे पीस हवेच, असा तो काळ होता. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेच्या निर्यातीत सोने, हिरे आणि लोकर यांच्या खालोखाल चौथा क्रमांक पिसांचा होता. पिसांच्या पैशांतून बांधलेले वाडे त्या गावात अजून उभे आहेत. १९१४ साली बाजार कोसळला. महायुद्ध सुरू झाले, फॅशन बदलली, उघड्या मोटारींत मोठ्या टोप्या टिकेनात, आणि पक्षी तर गरजेपेक्षा फार झालेले होते. हजारो पक्षी कापले गेले, श्रीमंत घराणी रस्त्यावर आली.

तो धंदा पुन्हा उभा राहिला तो वेगळ्या पायावर. १९४५ मध्ये शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, साठच्या दशकात कत्तलखाना आणि १९७०च्या सुमारास कातडी कमावण्याचा कारखाना आला. मग पीस मागे पडले, कातडे पुढे आले. जिथून पीस उपटले जाते तिथे कातड्यावर उठून दिसणारा एक गोल दाणा राहतो. त्या दाणेदार भागाला बूट आणि पर्सच्या बाजारात मोठा भाव मिळतो. एका पक्ष्याचे कातडे सव्वा ते दीड चौरस मीटरच्या दरम्यान. मांस गडद लाल, चरबी कमी; कोंबडीऐवजी गोमांसाच्या रांगेत बसणारे. छातीवर मात्र जवळजवळ काहीच नाही, कारण हा न उडणारा पक्षी. सारे मांस मांडीत आणि पायात. ९५ किलोच्या पक्ष्यातून हाडाविना मांस तीसेक किलो निघते. पिसे आजही विकली जातात, झाडणे आणि पोशाखांसाठी, शिवाय मोटारींच्या कारखान्यात रंग देण्यापूर्वी पत्र्यावरची धूळ टिपायला. अंड्याचे कवच सुमारे दोन मिलिमीटर जाड असते, ते नक्षीकामाला जाते. एक अंडे दीड किलोच्या आतबाहेर, कोंबडीच्या दोन डझन अंड्यांएवढे.

यातली एक बाब मी पुतण्याला पुन्हा पुन्हा सांगितली. कातडे, मांस आणि पिसे या तिन्ही वस्तू कत्तलखान्यातून बाहेर पडतात. औट्सहूर्नच्या शेतकऱ्याच्या मागे कत्तलखाना, कारखाना, शीतगृह आणि निर्यातीचा व्यापारी उभा आहे. इतके असूनही २००४ आणि २०११ मध्ये बर्ड फ्लू आढळल्यावर युरोपने तिथले कच्चे मांस घेणे थांबवले, आणि भरभक्कम व्यवसाय वर्षानुवर्षे खिळखिळा झाला.

फाइलमधला हिशोब

फाइलमध्ये लिहिले होते : पाच माद्या, प्रत्येकी ४० अंडी, एकूण २००. त्यातली १६० पिल्ले जगतील. प्रत्येकी बारा हजार रुपये. वर्षाला १९ लाख २० हजार.

चाळीस अंड्यांचा आकडा खोटा नाही. चांगल्या जातीची, वयात आलेली मादी हंगामात चाळीस ते साठ अंडी देऊ शकते. पहिल्या हंगामात मात्र ती कमीच देते. दोनशे अंड्यांतली साधारण दीडशे फलित धरा. फलित अंड्यांतून पिल्लू बाहेर येण्याचे प्रमाण बऱ्यापैकी चालणाऱ्या केंद्रावर साठ टक्के धरता येते, म्हणजे ९०. आणि शहामृगाच्या पिल्लांत पहिल्या तीन महिन्यांत जी मर होते ती कोंबडीपालनाची सवय असलेल्या माणसाला खरी वाटत नाही. निम्मी पिल्ले जाणे हे अनेक देशांत अनुभवी लोकांच्याही वाट्याला आलेले आहे. उरली ४५. एकशे साठ कुठे आणि पंचेचाळीस कुठे! तेही सगळे नीट जमले तर.

मग मी तारखा मांडल्या, आणि थोरले भाऊ खुर्चीत पुढे सरकले. मादी वयात येते साधारण दोन ते अडीच वर्षांनी, नर त्याहून उशिरा. आज तीन महिन्यांची असलेली पिल्ले पहिले अंडे देणार ते दोन वर्षांच्या आसपास किंवा त्यानंतर. कंपनीची हमी दोन वर्षांची. म्हणजे विकायला पहिले पिल्लू तयार होईल त्या दिवशी ते विकत घेण्याचे बंधन कंपनीवर नसेल. हमीची मुदत ‘पिल्ले सुपूर्द केल्याच्या दिनांकापासून’ असे करारात स्पष्ट छापले होते. ते वाक्य कुणी लपवलेले नव्हते. ते पान एकोणसत्तर होते, एवढेच.

पाच माद्या आणि पाच नर हेही तपासण्यासारखे. शहामृगाच्या नराची काळी-पांढरी आणि मादीची राखी-तपकिरी पिसे ही ओळख दीड-दोन वर्षांच्या वयात ठसठशीत होते. तीन महिन्यांच्या पिल्लात लिंग ओळखायचे तर गुदद्वार उघडून पाहावे लागते, आणि ते जाणत्या हाताचे काम आहे. करारात लिंगाची खात्री कुठे नव्हती. सात नर निघाले तर?

खाद्याचा रकाना सर्वांत वाईट. कंपनीने पक्ष्यामागे रोज एक किलो धरला होता. मोठा शहामृग दोन ते अडीच किलो सुके खाद्य खातो. दहा पक्ष्यांना रोज वीस-पंचवीस किलो, वर्षाला सात ते नऊ टन. शहामृगाचे मोठे आतडे लांब असते, तंतुमय चारा तो चांगला पचवतो. ज्याच्या शेतात लसूणघास उभी आहे त्याला हे परवडते. सत्तरीत पावसाळ्यात हिरवे गवत कमरेएवढे वाढते, पण ते पाणीदार असते, आणि जानेवारीनंतर सड्यावर चरायला काही उरत नाही. सारे खाद्य चोर्ला घाटातून खाली येणार. कत्तलीच्या वजनापर्यंत एका पक्ष्याला साडेचारशे ते पाचशे किलो खाद्य लागते. वाढीच्या प्रत्येक किलोमागे चार-पाच किलो. ब्रॉयलर कोंबडी तेच काम पावणेदोन किलोच्या आत करते.

पुतण्याने हे सगळे शांतपणे ऐकले आणि वहीत उतरवून घेतले. तो हुशार मुलगा आहे. त्याने विचारले, “पण डॉक्टर, आपल्याकडे पूर्वी शहामृग होते ना? मी वाचलंय.” होते. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव तुकडे मिळाले आहेत, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. आपल्या भूमीवर हा पक्षी पळत होता, ही गोष्ट मला स्वतःला फार भारावून टाकते. पण ते घाटावरचे, कोरड्या काळातले, गवताळ माळाचे जग होते. फाइलमध्ये ‘भारतीय हवामानाला अनुकूल’ असे लिहिलेले. भारतात हवामान एक नाही. जळगावला जे चालेल ते सत्तरीतल्या वाळपईला चालेलच असे नाही.

ओलावा

या प्रकरणात मी सर्वांत जास्त वेळ दिला तो इथे.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त. शहामृगाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी नसते. बदक चोचीने तेल घेऊन पिसांना लावते आणि पाणी ओघळून जाते. शहामृगाला ती सोय नाही. त्याचे पीस सुटे, मऊ, पाणी धरणारे. मोठा पक्षी एखादी सर सोसतो. चार महिने ओल सोसणे वेगळे. पिल्लू भिजले आणि गारठले की छाती भरते. आणि पोटात उरलेला बलक जिरला नाही तर तो सडून पिल्लू मरते.

पण पिल्लू जन्माला यायच्या आधीच पावसाचा प्रश्न उभा राहतो. शहामृगाचे अंडे सुमारे ३६ अंशांवर ४२ दिवस उबवावे लागते. त्या काळात अंड्यातले पाणी कवचाच्या छिद्रांवाटे उडून त्याचे वजन तेरा ते पंधरा टक्क्यांनी घटले पाहिजे. चौदाशे ग्रॅमचे अंडे बाराशेच्या आसपास यायला हवे. न घटल्यास पिल्लू पाणी धरून सुजते, मान आणि पाय फुगलेले, कवच फोडायची ताकद राहत नाही. बाहेर आले तरी दोन-चार दिवसांत जाते. म्हणून यंत्रातल्या हवेचा सापेक्ष ओलावा वीस-पंचवीस टक्क्यांवर ठेवावा लागतो. कोंबडीच्या यंत्रात आपण पाण्याचे ट्रे ठेवतो. शहामृगाच्या यंत्रात उलट हवा सुकवावी लागते.

मी माझा आर्द्रतामापक त्यांच्या वसरीवर ठेवला होता. चवथीनंतरचे दिवस, पाऊस उघडझाप करत होता. तापमान २७, ओलावा ८८. ही हवा यंत्रात घेऊन ३६ अंशांपर्यंत तापवली की तिचा सापेक्ष ओलावा खाली येतो, पण साधारण ५३ टक्क्यांपर्यंतच. हवेतले पाणी तेवढेच राहते, तापल्याने फक्त तिची पाणी धरण्याची क्षमता वाढते. म्हणजे हव्या त्या आकड्याच्या दुप्पट. जानेवारीच्या कोरड्या दिवशी, २५ अंश आणि ६५ टक्क्यांची हवा धरली, तरी तापल्यावर ती पस्तिसाच्या आसपास येते. वर्षातल्या सर्वांत चांगल्या महिन्यातही आपण काठावर! यंत्राच्या खोलीत हवा सुकवणारे उपकरण अखंड चालवावे लागणार, वीज गेली तर जनरेटर, आणि दर आठवड्याला प्रत्येक अंडे वजन करून ज्याचे वजन घटत नाही ते वेगळे काढावे लागणार. पुतण्याने लगेच कंपनीला फोन लावून स्पीकरवर विचारले, यंत्रासोबत हवा सुकवायची सोय आहे का. पलीकडच्या माणसाने उत्तर दिले : “ट्रेमध्ये पाणी भरपूर ठेवा, काही काळजी नाही.”

त्या एका वाक्याने थोरल्यांचा निर्णय अर्धा झाला. माझाही. जो माणूस शहामृगाच्या यंत्रात पाणी भरायला सांगतो त्याने आयुष्यात शहामृगाचे एकही अंडे उबवलेले नाही.

सड्याचेही पाहिले. जांभ्याची बारीक खडी सर्वत्र. मोठ्या शहामृगाला दळणासाठी पोटात खडे लागतातच, त्यात वावगे नाही. पण नव्या जागी आलेले, घाबरलेले पिल्लू दिसेल ते गिळत सुटते. खडे, तारा, प्लास्टिक, लांब गवत. आणि पोट बंद होते. हा पक्षी ताशी सत्तर किलोमीटरने पळू शकतो, विजेच्या कडकडाटाने बिथरतो आणि थेट कुंपणावर जातो. त्याला सपाट, मोकळी, लांब धाव लागते. काजूच्या बुंध्यांमधून उतारावर तो पळाला तर पाय मोडेल, आणि शहामृगाचा मोडलेला पाय सहसा दुरुस्त होत नाही. फांद्यांनी ओरखडलेल्या कातड्याची प्रत घसरते ते निराळेच. वापरायला उरतो एक एकर सडा. बिबट्या त्या वाडीत कुत्री नेतो हे मी सांगायला नको होते, वहिनींनीच सांगितले.

मामांकडचा इमू

पुतण्याचे मामा दोडामार्ग तालुक्यात असतात. २०१०च्या सुमारास त्यांनी इमू पाळले होते. थोरल्यांनी सुचवले, आपण जाऊन बघू. तिघे गेलो.

इमू ऑस्ट्रेलियाचा, शहामृगापेक्षा लहान, चाळीस-पन्नास किलोचा, गडद हिरव्या अंड्यांचा. आंध्र, तामिळनाडू आणि महाराष्ट्रात त्या काळी इमूची लाट होती. तामिळनाडूतील पेरुंदुराई हे तिचे मोठे केंद्र. तिथल्या योजनेत दीड लाख भरणाऱ्याला सहा पिल्ले, खाद्य आणि दरमहा ठरावीक रक्कम मिळायची. ऑगस्ट २०१२ मध्ये ते सारे कोसळले. हजारो लोकांचे पैसे बुडाले, पक्षी उपाशी राहिले, सरकारला त्यांच्या दाण्याची सोय करावी लागली.

मामांच्या कुंपणाची जाळी गंजून गेलेली, शेडमध्ये आता नारळ आणि सरपण. पण एक इमू अजून आहे. म्हातारा झालाय, एका डोळ्याने कमी दिसते. मामा पपईची फोड घेऊन गेले तसा तो कुंपणाच्या कडेकडेने त्यांच्या सोबत चालू लागला, आणि फोड मिळेपर्यंत घशातून तो खोल ढोलासारखा आवाज काढत राहिला. मामांनी एवढेच सांगितले : पहिल्या दोन वर्षांत त्यांनी पिल्ले विकून खरेच पैसे केले. घ्यायला येणारा प्रत्येक जण नवा इमूपालक होता. मांस मागायला कधी कोणी आले नाही. नवे पाळणारे संपले त्या महिन्यात गिऱ्हाईक संपले. “तेल काढणार म्हणून सांगत होते, मी तेलाचा कारखाना कधी बघितला नाही,” म्हणाले. बाकीचे पक्षी त्यांनी एका रात्री कुणाला तरी फुकट देऊन टाकले. तो विषय निघाला तेव्हा त्यांनी मान वळवली, आणि आम्हीही पुढे विचारले नाही.

हीच गोष्ट अमेरिकेत शहामृगाबाबत घडून गेली आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथे प्रजननाच्या जोड्या अवाच्या सवा भावाने विकल्या गेल्या. जोडी घेणारा दुसऱ्याला जोडी विकण्यासाठीच घेत होता. कापायला न्यायची वेळ आली तेव्हा मांसाचा भाव खाद्याचाही खर्च भागवेना, आणि नव्वदच्या मध्यात बाजार बसला. ज्या धंद्यात पिल्लाची किंमत मांस-कातड्याच्या किमतीवरून न ठरता पुढच्या पाळणाऱ्याच्या आशेवरून ठरते, तिथे शेवटी येणारा शेतकरी बुडतो. तो बहुतेक वेळा लहान, कर्ज काढलेला आणि माहितीच्या साखळीत सर्वांत मागे उभा असलेला माणूस असतो. मला या प्रकारांचा राग येतो आणि तो मी झाकत नाही. खाण बंद झालेल्या गावांत असे एजंट फिरतात, कारण तिथे जमीन मोकळी, पोरे रिकामी आणि माणसे घाईला आलेली असतात.

कापणार कुठे?

म्हणून मी पंचेचाळीस पक्ष्यांचा दुसरा हिशोब मांडला. पिल्ले विकायचीच नाहीत, सगळी वाढवून कापायची. मांस साडेतेराशे किलो. त्यासाठी खाद्य वीस-बावीस टन. कातडी ४५.

फाइलमध्ये कत्तलखान्याचे नाव नव्हते. उसगावचा गोवा मीट कॉम्प्लेक्स मोठ्या जनावरांसाठी उभारलेला आहे. शहामृगासाठी डोक्यावर टोपी चढवून त्याला शांत करणे, बेशुद्ध करणे, पिसे हाताने उपटणे, मग कातड्याला सुरी न लागू देता सोलणे, अशी वेगळी रचना आणि शिकलेले हात लागतात. या मांसाची आम्लता कापल्यावर पुरेशी वाढत नाही, त्यामुळे ताजे मांस लवकर खराब होते. थंड साखळी तुटता कामा नये. कातडी मिठात घालून कमावायला पाठवायची तर कोल्हापूरचे कारागीर चपलेचे कातडे जाणतात, दाणेदार शहामृग त्यांच्या कामाचा भाग नाही. तामिळनाडूतील मोठे कारखाने पंचेचाळीस कातड्यांसाठी स्वतंत्र घाणा लावतील, ही आशा धरणे कठीण.

हॉटेले घेतील, असे पुतण्याचे म्हणणे होते. किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांत परदेशी पाहुणे हे मांस ओळखतात, हे खरे. हॉटेलला हवी असते दर आठवड्याला ठरलेली, परवानाधारक कत्तलखान्याचा शिक्का असलेली, एकाच प्रतीची मांडी. वर्षातून एकदा साडेतेराशे किलो घेऊन दारात उभे राहिल्याने तो व्यवहार जुळत नाही.

पिल्लांचा उगमही मी विचारला. परदेशातून जिवंत पक्षी आणायचा तर १८९८च्या पशुधन आयात कायद्याखाली केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाची परवानगी आणि विलगीकरण लागते. पिल्ले देशातच जन्मलेली असतील तर त्यांचे आईबाप कोणत्या कागदांवर आले ते दाखवता यायला हवे. ‘सर्व परवानग्या कंपनीच्या’ असे फाइलमध्ये एका ओळीत होते. पक्षी तुमच्या कुंपणात, तर विचारणा तुम्हालाच होणार. आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने २००६ मध्ये दाखवून दिले आहे की बर्ड फ्लू आला की परिघातले सगळे पक्षी मारावे लागतात. तुमच्या शहामृगांमुळे शेजारणीच्या गावठी कोंबड्याही.

पुतण्याचा सर्वांत दमदार मुद्दा पर्यटनाचा होता, आणि तो मी हलक्यात घेतला नाही. सावईवेरे, केरीच्या बाजूला मसाल्यांच्या बागा पाहायला लोक पैसे देऊन येतात. दोन शहामृग, एक कवच, एक पीस. मुले हमखास येतील. पण मग तो शेतीचा पक्षी राहत नाही. दाखवण्यासाठी पाळलेल्या प्राण्याचा हिशोब वेगळा, तिकीट लावायचे तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे प्रश्न वेगळे, आणि पुढे लाथ मारणारा सव्वाशे किलोचा नर आणि मोबाइल पुढे करणारे पर्यटक यांच्यामध्ये उभे राहायला दिवसभर माणूस लागतो. चार महिन्यांच्या पावसात तो नर कोंदट शेडमध्ये बसणार. दाखवण्यासाठी एखाद्या जिवाला असे ठेवणे मला पटत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

काय ठरले

दिवाळीआधी घरात बैठक झाली. सही करायची नाही, असे थोरल्यांनी सांगितले, पण पोराला उडवून लावले नाही. त्यालाच कंपनीला पत्र लिहायला लावले. त्यात चार मागण्या होत्या. गेल्या वर्षी ज्याने शहामृग कत्तलीसाठी विकत घेतले अशा एका खरेदीदाराचे नाव आणि पत्ता. मूळ पक्ष्यांची आयात-कागदपत्रे. हमीची मुदत पहिल्या अंड्यापासून मोजली जावी. आणि किनारपट्टीवर, इतक्याच पावसात, दोन पावसाळे पार केलेले एक केंद्र आम्हाला स्वतः पाहायला मिळावे. हे चारही मिळाले तर मी पुन्हा बसून हिशोब करीन, असे मी सांगितले आहे, आणि ते मनापासून सांगितले आहे.

रोख सहा लाखांपैकी थोडे त्यांनी शेळ्यांत घातले. कोकण कन्याळ ही सिंधुदुर्गातली जात, या पावसाची सवय असलेली. जमिनीपासून उंच, फळ्यांच्या माचाणाचा गोठा पुतण्याने स्वतः बांधला. फळ्यांमधली फट मी बोटाने मोजून दोन ठिकाणी कमी करायला लावली, करडाचा पाय अडकतो म्हणून. शेळीचा गिऱ्हाईक वाळपईच्या बाजारात दर आठवड्याला उभा असतो. त्यात अठरा लाखांची स्वप्ने नाहीत. वहिनी सकाळी गोठ्यात जातात, पुतण्या पाला आणतो. बोटीचा एजंट अधूनमधून त्याला फोन करतो, आणि जायचे की राहायचे हे अजून त्याचे ठरलेले नाही.

पत्राला लेखी उत्तर आलेले नाही. फोन मात्र तीनदा आले. पहिल्या फोनवर रक्कम पंधरा लाखांवर आली, दुसऱ्यावर बारा. तिसऱ्या वेळी कंपनी म्हणाली, दहा नको तर चार पिल्ले नमुना म्हणून घ्या, पैसे हप्त्याने द्या. खरेदीदाराचे नाव पुतण्याने तेव्हाही विचारले. शेजारच्या तालुक्यातल्या दोघांनी सही केली आहे, एवढेच त्याला सांगण्यात आले. त्या दोघांची नावे तो आता शोधतो आहे.